किडनीच्या पेशींची पकड : सुटते कशी, पुन्हा धरते कशी

"डायलिसिस एकदा लागले की जन्माचे लागले." वस्तीत कुणाची किडनी बंद पडली की हे वाक्य हमखास ऐकू येते. या भीतीपोटी काही घरचे लोक रुग्णालयात सही करायला नकार देतात, रुग्णाला घरी घेऊन येतात आणि कुणी सुचवलेल्या जडीबुटीच्या मागे लागतात. यात कधी कधी असा माणूस दगावतो, ज्याची किडनी दोन-तीन आठवड्यांत आपली आपण पुन्हा चालू झाली असती.

याच्या अगदी उलटही घडते. साखरेचा आजार असलेला माणूस दहा-बारा वर्षे म्हणत राहतो, "मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" मग पायांवर सूज येते, धाप लागते आणि डॉक्टर सांगतात की किडनी गेली, ती आता परत येणार नाही.

या दोघांच्या रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिनचा आकडा एकच असू शकतो, समजा ६. तरी एकाची किडनी परत येते आणि दुसऱ्याची येत नाही. असे का? याच्या उत्तराचा मोठा भाग किडनीतील पेशींच्या पकडीत आहे. या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, ती पकड कोण सैल करते आणि ती पुन्हा घट्ट कशी होते, हे गेल्या चाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनी बरेच उलगडले आहे. विषय प्रयोगशाळेतला असला तरी तो समजला की रुग्णालयात कोणता निर्णय घ्यायचा आणि घरी काय सांभाळायचे, हे आपल्याला डोळसपणे ठरवता येते.

एका थराची भिंत

आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण-नळ्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि त्याच्या पुढे वळणावळणाची लांब नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. आपल्याला लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. उरलेले सगळे पाणी, त्यातले मीठ, साखर आणि इतर कामाच्या वस्तू या नळ्यांची भिंत पुन्हा रक्तात ओढून घेते.

ही भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची असते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अभिस्तर ऊती' हा शब्द आपल्या मुलांनी वाचलेला असेल. पेशी एकमेकींना खेटून बसतात आणि शरीरातल्या पोकळ्यांना व नळ्यांना आतून अस्तर लावतात, ते म्हणजे अभिस्तर. वस्तीतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांची ओळ डोळ्यांसमोर आणा. खोल्यांच्या एका बाजूने नाला वाहतो आणि दुसऱ्या बाजूला रस्ता आहे. नाल्यातले पाणी रस्त्यावर येऊ द्यायचे नसेल तर दोन खोल्यांमधली एकही फट उघडी राहून चालणार नाही. किडनीच्या नळीत नाल्याच्या जागी लघवी आहे आणि रस्त्याच्या जागी रक्त.

या पेशींची पकड तीन ठिकाणी असते.

पहिली पकड लघवीच्या बाजूला, पेशीच्या वरच्या कडेला. तिथे शेजारच्या दोन पेशींची प्रथिने टाक्यांसारखी एकमेकांत गुंफलेली असतात आणि फट बुजवतात. किती पाणी, कोणते क्षार मधून जाऊ द्यायचे हे या पट्ट्यावर ठरते.

दुसरी पकड त्याच्या जरा खाली. तिथे 'ई-कॅडहेरिन' आणि त्याच्या जातकुळीची प्रथिने असतात. दोन पेशींमधून एकेक हात बाहेर यावा आणि दोघींनी एकमेकींचा हात धरावा, तसे हे प्रथिन काम करते. आतल्या बाजूने हा हात पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. जपानचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी या प्रथिनांचा शोध घेतला आणि १९८० च्या दशकात त्यांना कॅडहेरिन हे नाव दिले. या हातांना ताठ राहायला कॅल्शियम लागते. बशीत वाढवलेल्या पेशींच्या भोवतालचे कॅल्शियम काढून घेतले की त्या एकमेकींपासून सुटतात आणि कॅल्शियम परत घातले की काही तासांत पुन्हा जुळतात. याचा अर्थ किडनीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या खाव्यात असा नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर स्वतःच ठरावीक प्रमाणात राखते.

तिसरी पकड तळाची. पेशींच्या खाली एक पातळ पडदा अंथरलेला असतो. 'इंटिग्रिन' नावाची प्रथिने पेशीचे पाय या पडद्यात रोवून ठेवतात.

संदेश देणारी प्रथिने

आता या पेशी विटांसारख्या एकदाच चिकटवलेल्या असत्या, तर काम सोपे झाले असते. पण पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या याव्या लागतात, जखम भरावी लागते. त्यासाठी पकड कधी सोडायची आणि कधी धरायची, याचे संदेश पेशींना मिळत असतात. हे संदेश नेणारी जी प्रथिने आहेत त्यांना 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतात. मराठीत आपण वाढघटक म्हणू. एक पेशी ते सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्याचे कुलूप असते, आणि वाढघटकाची किल्ली त्या कुलपात बसली की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. नाव वाढीचे असले तरी काम फक्त वाढीचे नाही. वाटून दोन व्हा, जागा सोडा, सरका, पुन्हा चिकटा, असे वेगवेगळे निरोप त्यांच्यामार्फत जातात.

यातला ईजीएफ नावाचा वाढघटक सर्वांत आधी सापडलेल्यांपैकी एक. त्याचा शोध लावणारे स्टॅन्ली कोहेन आणि चेतापेशींच्या वाढघटकाचा शोध लावणाऱ्या रीता लेव्ही-मोंटालचिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा ईजीएफ किडनीच्या नळ्यांमध्ये भरपूर तयार होतो आणि माणसाच्या लघवीतही सापडतो. नळ्या खराब होत गेल्या की लघवीतले त्याचे प्रमाण घटते.

'विखरा' असा निरोप

पकडीचे कोडे सुटायला मदत झाली ती एका कुत्रीच्या किडनीमुळे. १९५८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॅडिन आणि डार्बी या दोन शास्त्रज्ञांनी कॉकर स्पॅनियल जातीच्या एका कुत्रीच्या किडनीतून पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या पेशींचे वंशज आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांना 'एमडीसीके' पेशी म्हणतात. 'मॅडिन-डार्बी कुत्र्याची किडनी' या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. काचेच्या बशीतही या पेशी किडनीचा धर्म सोडत नाहीत. एकमेकींना घट्ट धरून त्या बेटासारखे पुंजके करतात, वरचे पाणी ओढून खाली सोडतात, आणि खाली साठलेल्या पाण्याने त्यांचा थर जागोजागी फोडासारखा फुगतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये मायकेल स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट दिसली. शरीरात धागे विणणाऱ्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो द्रव अभिस्तर पेशींच्या बेटांवर घातला, की बेटे विस्कटत. एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी काही तासांत सुट्या होऊन बशीभर पसरत. त्या मरत नव्हत्या. तो द्रव काढून घेतला की त्या पुन्हा पुंजके करू लागत. एमडीसीके पेशींवर हा परिणाम फार स्पष्ट दिसे. द्रवात असलेल्या या अज्ञात प्रथिनाला त्यांनी 'स्कॅटर फॅक्टर', म्हणजे विखुरणारा घटक, असे नाव दिले.

त्याच सुमारास, १९८४ साली, जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यकृताच्या पेशींची वाढ कोण करते याचा शोध घेत होते. त्यांना सापडलेल्या प्रथिनाचे नाव एचजीएफ, म्हणजे यकृतपेशींचा वाढघटक. १९९१ साली कळले की इंग्लंडचे विखुरणारे प्रथिन आणि जपानचे यकृत वाढवणारे प्रथिन एकच आहे. पेशीच्या अंगावरच्या त्याच्या कुलपाचे नाव 'मेट'.

त्याच वर्षी जिनिव्हातील मोंटेसानो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एमडीसीके पेशी सपाट बशीत न ठेवता कोलॅजेनच्या मऊ जेलीत ठेवल्या आणि हेच एचजीएफ दिले, तर पेशींनी फांद्या फुटलेल्या नळ्या तयार केल्या. म्हणजे सपाट बशीत विखुरणारा निरोप, मऊ आधार मिळाल्यावर नळी बांधणारा निरोप ठरला. नवी नळी बांधायची तर जुनी पकड आधी सैल करावीच लागते. पेशी सरकते, वाटली जाते, नवी जागा घेते आणि मग पुन्हा शेजारणीचा हात धरते.

पेशीच्या आत काय घडते? किल्ली कुलपात बसली की कॅडहेरिनचे हात आत ओढून घेतले जातात, पेशीचा सांगाडा आकसतो आणि पसरतो, तळाची पकड पुढे सरकते. काही वाढघटक त्याहून पुढे जातात. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोहोचवून कॅडहेरिन बनवण्याचे कामच कमी करतात. पहिला प्रकार लवकर उलटतो. दुसरा उलटायला वेळ लागतो, आणि निरोप येतच राहिला तर तो उलटतही नाही. सुरुवातीच्या दोन रुग्णांमधला फरक समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

अचानक बंद पडलेली किडनी

जोरदार जुलाब-उलट्या, लेप्टो, मलेरिया, मोठा रक्तस्राव, उन्हाचा तडाखा, सर्पदंश, वेदनाशामक गोळ्यांचा मारा. अशा वेळी किडनीच्या नळ्यांना रक्त आणि प्राणवायू कमी पडतो, किंवा विष सरळ पेशींवर हल्ला करते. काही पेशी मरतात. पण सगळ्याच मरत नाहीत. अनेक पेशींचे आतले सांगाडे कोलमडतात, तळाशी रोवलेली इंटिग्रिन जागा सोडून भलतीकडे जातात, आणि जिवंत पेशीसुद्धा पडद्यावरून सुटून लघवीच्या वाटेत पडतात. तिथे त्या एकमेकींना चिकटून गोळे बनवतात आणि बारीक नळी तुंबते. जिथे भिंत उघडी पडली तिथून गाळलेले पाणी उलटे रक्ताकडे झिरपते. लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढते. डॉक्टर लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तेव्हा तपकिरी, चिखलासारख्या दिसणाऱ्या गोळ्या सापडतात. त्या या सुटून पडलेल्या पेशींच्या आणि त्यांच्या अवशेषांच्याच.

आता दुरुस्ती. खालचा पडदा जागेवर असेल तर वाचलेल्या पेशी कामाला लागतात. एचजीएफ, ईजीएफ यांसारखे वाढघटक निरोप देतात. वाचलेल्या पेशी शेजारणीचा हात सैल करतात, चपट्या होतात, उघड्या पडलेल्या जागेवर पसरतात, वाटून दोनाच्या चार होतात. जागा भरली की त्या पुन्हा उभ्या राहतात, कॅडहेरिनचे हात पुन्हा धरतात, वरचा पट्टा पुन्हा शिवला जातो. मग निरोप ओसरतो. हे काम बहुधा एक ते तीन आठवड्यांत होते, कधी जास्त वेळ लागतो.

या काळात किडनी रक्त साफ करू शकत नाही. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते, फुप्फुसात पाणी भरू शकते. त्या दिवसांत रक्त साफ करण्याचे काम डायलिसिसचे यंत्र करते. यंत्र किडनी दुरुस्त करत नाही आणि बिघडवूनही ठेवत नाही. पेशींना पुन्हा पकड धरायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस जिवंत राहावा यासाठी ते असते. म्हणून अचानक बंद पडलेल्या किडनीसाठी डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले तर "जन्माचे लागेल" या भीतीने नकार देऊ नका. त्यांना सरळ विचारा : "डॉक्टर, किडनी अचानक बंद पडली आहे की जुना आजार आहे? सुधारायची आशा किती आहे?" वय जास्त असेल, आधीपासून साखर किंवा किडनीचा आजार असेल, किंवा उपचाराला उशीर झाला असेल, तर सगळ्यांची किडनी पूर्ण परत येत नाही, हेही खरे. पण विचारल्याशिवाय आणि प्रयत्न केल्याशिवाय ते कळणार नाही.

निरोप थांबतच नाही तेव्हा

आता दुसरा रुग्ण. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेले असले की नळ्यांना रोज थोडी थोडी इजा होत राहते. इथे 'टीजीएफ-बीटा' नावाचा वाढघटक पुढे येतो. जखम भरताना थोड्या वेळासाठी तोही लागतो. पण रक्तातली जास्तीची साखर, किडनीतला वाढलेला दाब आणि अँजिओटेन्सिन हे रक्तदाब वाढवणारे रसायन, यांमुळे तो रोज तयार होत राहतो. तो कॅडहेरिन बनवण्याचे काम मंदावतो. पेशींची पकड सैल होते, ती पुन्हा घट्ट होण्याआधी पुढचा निरोप येतो. अशा अर्धवट सुटलेल्या पेशी आपले काम विसरतात आणि आजूबाजूच्या फायब्रोब्लास्टना जागे करतात. फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे धागे विणू लागतात. भाजलेल्या कातडीवर जसा कडक व्रण राहतो, तसा व्रण नळ्यांच्या मधल्या जागेत तयार होतो. तो बारीक रक्तवाहिन्या दाबतो, शेजारच्या नळ्यांना रक्त कमी पडते, त्यांनाही इजा होते आणि व्रण वाढत जातो.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की नळीच्या पेशीच बदलून धागे विणणाऱ्या पेशी होतात. २०१० च्या सुमारास उंदरांमध्ये पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा दिसले की धागे विणणाऱ्या बहुतेक पेशी आधीपासून नळ्यांच्या बाहेर, रक्तवाहिन्यांच्या आसपास असतात. नळीच्या पेशी अर्ध्या वाटेपर्यंत बदलतात आणि चुकीचे निरोप पाठवत राहतात. म्हणजे पकड सुटलेली पेशी स्वतः व्रण होत नसली तरी व्रणाला बोलावते.

व्रण झालेली जागा पुन्हा नळी होत नाही. म्हणून जुन्या आजारात गेलेला भाग परत येत नाही, उरलेला भाग वाचवायचा असतो. दोघांचे क्रिएटिनिन ६ असले तरी एकाच्या किडनीत पेशी सुटल्या आहेत आणि पडदा शाबूत आहे, तर दुसऱ्याच्या किडनीत पडद्याभोवती व्रण झाला आहे.

पहिल्या रुग्णाचा पुढे दुसरा रुग्ण होऊ शकतो, हेही सांगायला हवे. एकदा जबर मार बसलेल्या किडनीत काही नळ्यांची दुरुस्ती अर्धवट राहते. तिथल्या पेशी पकड न धरता निरोप पाठवत राहतात. रुग्ण घरी येतो, लघवी नीट होते, कागद ट्रंकेत जातात. पुढच्या काही वर्षांत व्रण हळूहळू वाढतो. म्हणून किडनी अचानक बंद पडून बरी झालेल्या प्रत्येकाने तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तशी, सहसा वर्षातून एकदा तरी, करत राहावी.

निरोप थांबत नाही याचा आणखी एक प्रकार कर्करोगात दिसतो. १९९७ साली काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या किडनीच्या एका कर्करोगाचे मूळ सापडले. त्यांच्या 'मेट' या कुलपातच जन्मतः दोष होता. किल्लीवाचून ते उघडे राही. आज किडनीच्या कर्करोगावर वापरली जाणारी काही औषधे हे कुलूप बंद करण्याचेही काम करतात.

मग वाढघटकाचे इंजेक्शन का नाही?

हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो आधीच विचारला. उंदरांना ईजीएफ किंवा एचजीएफ दिल्यावर बंद पडलेली किडनी लवकर सुधारली. पण माणसांमध्ये तसे झाले नाही. आयजीएफ-१ नावाचा वाढघटक किडनी अचानक बंद पडलेल्या गंभीर रुग्णांना देऊन पाहिला गेला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. किडनी लवकर सुधारली नाही. टीजीएफ-बीटाला अडवणारे औषध मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांना देऊन पाहिले, २०१७ साली ते निष्कर्ष छापून आले. त्यानेही आजार मंदावला नाही.

कारण वर आलेच आहे. एकच निरोप एका जागी, एका वेळी दुरुस्ती करतो आणि दुसऱ्या जागी बिघाड. बाहेरून इंजेक्शनने दिलेला निरोप कुठे थांबायचे हे जाणत नाही. त्यामुळे 'ग्रोथ फॅक्टर' किंवा 'स्टेम सेल' देऊन किडनी नवी करून देतो, अशी जाहिरात करून कुणी पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. आज किडनीसाठी असा कोणताही मान्यताप्राप्त उपचार नाही. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून अशा ठिकाणी गेलेल्या घराचे पैसेही जातात आणि खऱ्या उपचाराचा वेळही जातो.

खरा उपचार साधा आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळण्यासारखा आहे. व्रणाचा निरोप जिथून निघतो ते मूळ कमी करायचे. रक्तदाबाच्या औषधांपैकी 'प्रिल' आणि 'सार्टन' या शेपटाची औषधे, उदाहरणार्थ एनालॅप्रिल, लोसार्टन, अँजिओटेन्सिनला रोखतात. त्यामुळे किडनीतला दाब उतरतो आणि टीजीएफ-बीटाचा निरोपही मंदावतो. मधुमेहात किडनीला त्यांचा फायदा होतो, हे कॅप्टोप्रिलबाबत १९९३ साली आणि लोसार्टनबाबत २००१ साली मोठ्या अभ्यासांत सिद्ध झाले. डॅपाग्लिफ्लोझिन हे साखरेचे औषधही किडनी वाचवते, हे २०२० साली दिसले. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. 'प्रिल' आणि 'सार्टन' गरोदर बाईला चालत नाहीत. ही औषधे चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या, तर काही दिवस ती थांबवायची का, हे लगेच डॉक्टरांना विचारावे.

आपल्या घरात काय करायचे

१. जुलाब-उलट्या लागल्या की पहिल्या तासापासून ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. लघवी सहा-आठ तास झाली नाही, माणूस सुस्त झाला, तर घरी थांबू नका.

२. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पायांवरच्या जखमा झाका, घरी येताच साबणाने पाय धुवा. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. त्यांचे आवडते ठिकाण किडनीच्या नळ्या. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाले, कचरा, गटार यांत काम करणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे मिळणे हा त्यांचा हक्क आहे. तो मागून घ्या.

३. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून रोज आणून खाऊ नका. उन्हात काम करून घाम गेलेला असताना किंवा जुलाब चालू असताना तर मुळीच नको. माहीत नसलेले भस्म घातलेले चूर्णही टाळा. काहींत शिसे-पारा असतो आणि तो नळ्यांच्या पेशींनाच मारतो.

४. सार्वजनिक शौचालय लांब आहे, अंधार आहे, रांग आहे म्हणून अनेक बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. याने लघवीत जंतू होतात आणि उन्हाळ्यात किडनीवर ताण येतो. घरातल्यांनी याची दखल घ्यावी, आणि वस्तीच्या मंडळाने शौचालयाच्या दिव्याचा व दाराचा प्रश्न आरोग्याचा प्रश्न म्हणून लावून धरावा. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा अंगावर सूज आहे, त्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी प्यावे.

५. साखर किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तीन गोष्टी तपासून घ्याव्या : रक्तदाब, रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. किडनीचे जवळजवळ निम्मे काम गेले तरी क्रिएटिनिन ठीक दिसू शकते. लघवीतून जाणारे अल्ब्युमिन त्याच्या बरेच आधी सावध करते. म्हणून "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, लघवीची तपासणीही मागा.

६. डायलिसिसचा खर्च ऐकून रुग्णाला घरी आणू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. अनेक जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखालीही सोय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

७. ज्याची किडनी एकदा बंद पडून परत चालू झाली, त्याची फाईल ट्रंकेत टाकू नका. तिच्या पहिल्या पानावर तारीख, तेव्हाचे सर्वांत जास्त क्रिएटिनिन आणि घरी सोडतानाचे क्रिएटिनिन मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे कोणत्याही आजारासाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ते पान आधी दाखवा. कोणते औषध द्यायचे आणि कोणते टाळायचे, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील.